चालू गाडीला हात लावू द्या : आमच्या आयटीआयच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य आणि संस्था व्यवस्थापन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
आमच्या तालुक्याची औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जि. जळगाव

विषय : मोटार मेकॅनिक ट्रेडच्या मुलांना चालू गाडीवर काम करण्यास मनाई करणारी सूचना मागे घेण्याबाबत

सा. न. वि. वि.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधीची गोष्ट. माझा भाचा आपल्या संस्थेत मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या दिवशी तो भर दुपारी गॅरेजवर आला, माठातलं पाणी घटाघटा प्याला आणि म्हणाला, "मामा, आते गाडीले हात लावाना नही." मला वाटलं, कुणाशी भांडून आला. त्याने मोबाइल पुढे केला. त्यात फलकावरच्या सूचनेचा फोटो होता. प्रशिक्षणार्थींनी चालू स्थितीतील वाहनावर, बॅटरीच्या जोडणीवर व स्कॅनरवर (गाडीतला दोष वाचणाऱ्या यंत्रावर) काम करू नये. दोषनिदानाचे प्रात्यक्षिक निदेशक प्रोजेक्टरवर दाखवतील. खाली सही, शिक्का, तारीख.

मी ती सूचना तीनदा वाचली. त्या रात्री जेवण गेलं नाही, हे खरं सांगतो. दोन आठवडे थांबलो. आपल्याला भेटायला दोनदा येऊन गेलो, दोन्ही वेळा आपण बैठकीसाठी बाहेरगावी होतात. ही गोष्ट एकट्या माझ्या भाच्याची नाही, तालुक्यातल्या गाडीवाल्यांची, शेतकऱ्यांची आणि या मुलांच्या आईबापांचीही आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

सूचना का निघाली ते मला माहीत आहे. एका मुलाने बॅटरीच्या तारा उलट्या लावल्या आणि संस्थेतल्या एकुलत्या एक चालू गाडीचं ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, गेलं. नुकसान मोठं आहे. साठा नोंदवहीत त्याचं उत्तर आपल्याला द्यावं लागणार, लेखापरीक्षणात विचारणा होणार, हे समजण्याइतका मी या संस्थेला ओळखतो. कुणाच्या हाताला इजा झाली असती तर काय, ही काळजीही रास्त आहे. माझा आक्षेप त्यावर निघालेल्या उपायाला आहे.

माझी ओळख एवढीच की मी आपल्याच संस्थेचा, १९९४ साली बाहेर पडलेला विद्यार्थी. नंतर दोन वर्षं भोसरीला काढली, मग परत येऊन महामार्गावर गॅरेज टाकलं. तेव्हा त्याला सहा नंबरचा हायवे म्हणायचे, आता ५३ म्हणतात. सुरतेहून धुळे, जळगाव करत नागपूरकडे जाणारी सगळी वाहतूक दारावरून जाते. केळीच्या पिकअप, जिनिंगच्या कापसाचे ट्रक, ट्रॅक्टर, काळीपिवळ्या आणि लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्या. आम्ही तिघं आहोत. मी, एक जुना फिटर आणि एक हेल्पर.

आमच्या वेळी वर्कशॉपात एक जुनी जीप होती आणि स्टँडवर बसवलेली दोन चालू इंजिनं. पहिल्याच वर्षी मी तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला, तो डाग अजून आहे. सरांनी हात थंड पाण्याखाली धरला, दवाखान्यात स्वतः नेलं, घरी वडिलांना सांगायला आले. तिसऱ्या दिवशी मला वर्गापुढे उभं करून विचारलं, "शंभर अंशाला उकळणारं पाणी रेडिएटरमध्ये का उकळत नव्हतं आणि झाकण काढल्यावरच का उसळलं?" मला उत्तर आलं नाही. मग त्यांनी फळ्यावर झाकणाची स्प्रिंग काढून दाखवली. दाब वाढला की उकळण्याचा अंश वर जातो, पाणी ११०-११५ अंशांवरही गप्प राहतं आणि झाकण सुटलं की एका क्षणात वाफ होतं. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या गॅरेजात कुणाचा हात भाजलेला नाही. सरांनी त्या दिवशी जीपला कुलूप लावलं असतं, तर तो धडा मला कुठे मिळाला असता?

आता एका पिकअपची गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

मागच्या उन्हाळ्यात रावेरकडची एक पिकअप माझ्याकडे ओढून आणली. मालकाचं स्वतःचं दीड बिघा शेत आणि ही गाडी, तिचेही हप्ते चालू. गाडीत केळीचे घड भरलेले, वर ओलं गोणपाट टाकलेलं. ऊन ४४ अंशांचं. मालक म्हणाला, "भाऊ, भरेल गाडी चढावर दम तोडस." रिकामी असली की ठीक चालते, सपाटीवर भरलेलीही चालते, पण पाल गावाकडच्या चढाला लागली की जोर जातो, चेक लाइट लागतो आणि गाडी बंद.

माझ्याकडे येण्याआधी ती गाडी एका तरुण मेकॅनिककडे होती. दोन वर्षं आयटीआय केलेला, प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेम करून लावलेलं. पोरगा प्रामाणिक आहे, मी त्याला ओळखतो. त्याने मोबाइलवर चालणारा छोटा स्कॅनर लावला. कोड आला पी ००८७, म्हणजे रेलमधला, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतला, डिझेलचा दाब कमी. हा दाब पंपच तयार करतो, म्हणून त्याने पंप बदलला. मालकाचे २८ हजार गेले. दोन दिवस गाडी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर काढून जळगावला तपासायला पाठवले. ते चांगले निघाले, त्याचेही पैसे गेले. तोवर मालकाचे आठ दिवस बुडाले होते.

मी आधी बॉनेटला हात लावला नाही. मालकाला प्रश्न विचारले. कधी बंद पडते, टाकी किती भरलेली असते, फिल्टर कधी बदलला. त्यातून एक गोष्ट कळली : टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्रास जास्त. मग टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या लाइनमध्ये हातभर पारदर्शक पाइप जोडला, गाडी चालू केली आणि हेल्परला रेस द्यायला सांगितलं. बाराशे-पंधराशे आरपीएमला डिझेल स्वच्छ येत होतं. रेस वाढली तसे पाइपात बुडबुडे दिसायला लागले, आधी एखाददुसरा, मग मण्यांच्या माळेसारखे. कुठून तरी हवा ओढली जात होती. लाइन हाताने चाचपत मागे गेलो. टाकीजवळ, क्लिपच्या बरोबर खाली, रबराच्या पाइपला केसाएवढी चीर होती.

ओढणीच्या बाजूला चीर असली की डिझेल खाली टपकत नाही, म्हणून वरून कुणाला काही दिसत नाही. इंजिन ओढतं तेव्हा त्या चिरेतून हवा आत जाते. चढावर भरलेल्या गाडीला डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, हवा वाढते, रेलचा दाब पडतो. टाकी रिकामी होत जाते तशी ओढायची उंची वाढते, त्रासही वाढतो. नवीन पाइप १४० रुपयांचा. पाऊण तासात गाडी रस्त्याला लागली. घड मात्र काळे पडायला लागले होते, त्याचा भाव मालकाला मिळाला नाही.

त्या पोराला मी नंतर बोलावलं. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे सगळे पार्ट खोलून दाखवले. पंपाची आकृती मी आजही काढून देईन. पण बिघडलेली गाडी आम्हाला कुणी कधी दिलीच नाही." प्राचार्य साहेब, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. दोन वर्षं मोटार मेकॅनिक शिकलेल्या मुलाला बिघडलेली गाडी दिली गेली नाही. आणि आता तर चालू गाडीही नाही.

स्कॅनरचा कोड एवढंच सांगतो की दुखणं कुठे जाणवतंय. दुखणं कशामुळे, ते मेकॅनिकला शोधावं लागतं. एकाच पी ००८७ मागे चोंदलेला फिल्टर, चिरलेला पाइप, टाकीतला कचरा, दाबाचा सेन्सर, त्याची वायर, परत जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर आणि खरोखर गेलेला पंप, इतक्या गोष्टी असू शकतात. स्वस्त आणि सोप्यापासून सुरुवात करून एकेक बाद करत जायचं, ही शिस्त हाताला लागावी लागते. ती प्रोजेक्टरच्या पडद्यावर लागत नाही. पडद्यावर बुडबुडा नेमका कुठे शोधायचा ते आधीच दाखवलेलं असतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली ही सूचनाच. चालू गाडी बंद केली की इंजिनाचा आवाज, कंप, वास, मीटरवर पडणारा काटा, सगळं बंद होतं. साधं उदाहरण घ्या. सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. बॅटरी उभ्या स्थितीत मोजली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. सेल्फ मारताना मोजली तर साडेदहाच्या वर, म्हणजे बॅटरी ठीक. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारायचा. तिथे पाव व्होल्टपेक्षा फार जास्त दिसलं तर अर्थिंग, म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधली पट्टीची जोडणी, खराब. पट्टी घासून बोल्ट आवळला की काम झालं. ही तपासणी सेल्फ मारल्याशिवाय होतच नाही. बंद गाडीवर तेच मीटर शून्य दाखवतं आणि मुलगा म्हणतो, अर्थिंग चांगली आहे. मग नवीन बॅटरी विकली जाते, नाहीतर नवा सेल्फ बसतो.

दुसरी तक्रार स्कॅनरची. संस्थेत चांगला स्कॅनर आहे, मी समारंभात पाहिला आहे. तो कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या संस्थेचा कार्यभार सांभाळतात. त्यातलं सॉफ्टवेअरही अद्ययावत केलेलं नाही, नव्या गाड्यांशी ते बोलत नाही. मुलांनी तो हातात धरलेला नाही. अभ्यासक्रमात मात्र स्कॅन टूल, सेन्सर, ईसीएम हे सगळं दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे मी अभ्यासक्रमाबाहेरचं काही मागत नाही.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने मोठी. मुलं शिकतात ती इंजिनं आणि रस्त्यावर धावतात ती इंजिनं यांच्यात दोन पिढ्यांचं अंतर पडलं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा कडक नियम, आलं. बीएस-४ वरून सरळ सहावर उडी मारली, मधला टप्पा गाळला. बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, त्याच्या आधीच सक्तीचं झालं होतं. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागले आणि त्यांतल्या बहुतेकांत कॉमन रेल आलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून मोठ्या दाबाचं डिझेल. जुना पंप नट ढिला करून, हवा काढून चालू करता यायचा. कॉमन रेलमध्ये दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. चालू इंजिनावर ती नळी ढिली केली तर धार कातडीतून आत घुसते, बोट कापावं लागू शकतं. जो मुलगा फक्त जुना पंप शिकून बाहेर पडतो, तो सवयीने इथेही नट ढिला करेल. आपण ज्या अपघाताच्या भीतीने सूचना काढली, तो अपघात अशाने संस्थेच्या बाहेर होईल. फक्त आपल्या नोंदवहीत येणार नाही.

याच तक्रारीत डीपीएफचं सांगू द्या, कारण खान्देशात ते दुखणं जास्त आहे. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तोच डीपीएफ. काजळी साठली की गाडी स्वतःच ती जाळते, त्यासाठी आतलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत न्यावं लागतं आणि गाडी काही वेळ सलग चालावी लागते. आमच्याकडच्या गाड्या शेतातून बाजार समितीत, बाजार समितीतून घरी, पाच-सात किलोमीटर धावतात आणि बंद होतात. काजळी अर्धवट जळते. ती जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. गाडीवाला खूश, ऑइल कमी होत नाही म्हणून. मग दिवा लागतो, गाडी ताकद काढून घेते आणि कुणीतरी सांगतं, जाळीच काढून टाक. जाळी फोडून रिकामा डबा परत बसवलेल्या गाड्या मी हाताने खोलल्या आहेत. ते बेकायदा आहे आणि तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. ज्या मुलाने एकदा स्कॅनर लावून जाळीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाचला आहे आणि गाडी उभ्या जागी जाळी साफ करताना पाहिली आहे, तो मालकाला जाळी फोड असं सांगणार नाही. असा मुलगा मला आजवर आपल्या संस्थेतून मिळालेला नाही.

चौथी, साधनं. एका तुकडीत २४ मुलं आणि चालू असलेला मल्टिमीटर एक. भाचा सांगतो, मागच्या रांगेतल्यांना आकडा दिसत नाही, पुढचे ओरडून सांगतात.

पाचवी तक्रार निदेशकांबद्दल आहे, निदेशकांविरुद्ध नाही. जे सर सध्या शिकवतात ते तासिका तत्त्वावर आहेत. सुट्टी पडली की त्यांचा पगार पडतो. त्यांनी स्वतःच्या पैशाने टेस्ट लॅम्प बनवून मुलांना दिले, हे मला ठाऊक आहे. त्यांना नव्या गाड्यांचं प्रशिक्षण कुणी दिलं नाही. न शिकवलेली गोष्ट त्यांनी चालू गाडीवर एकट्याने चोवीस मुलांना कशी दाखवायची? त्या दिवशी बॅटरी उलटी लागली तेव्हा वर्कशॉपात दुसरं मोठं माणूस नव्हतं. ठपका ठेवायचाच असेल तर या गोष्टीवर ठेवावा, त्या मुलावर आणि त्या सरांवर नको.

सहावी, उमेदवारीची. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. चारपेक्षा कमी माणसं असलेली गॅरेजं त्यात बसतच नाहीत. माझ्याकडे आम्ही तिघं. तालुक्यातली बहुतेक गॅरेजं अशीच दोघा-तिघांची. म्हणून मुलं चाकण, वाळूज, नाशिक, नाहीतर सुरत गाठतात. कंपनीत त्यांना एका जागी उभं करून वर्षभर एकच काम देतात, चाकाचे नट आवळायचं. वर्ष संपलं की परत येतात आणि गॅरेजात येऊन म्हणतात, काम द्या. हात नवाच असतो. कायदा आपल्या हातात नाही, हे कळतं. पण मुलं शिकत असतानाच त्यांना आठवड्यातून एक दिवस गावातल्या गॅरेजात पाठवणं संस्था आणि समितीने मनावर घेतलं तर होऊ शकतं.

परीक्षेबद्दल एकच सांगतो. आपल्याकडे सराव परीक्षेला मुलगा पार्ट ओळखतो, खोलतो, पुसतो, परत बसवतो. बिघाड शोधायला सांगत नाहीत.

सूचना निघाल्यानंतरच्या रविवारी मी भाच्याला आणि त्याच्या दोन मित्रांना गॅरेजवर बोलावलं. त्यांच्या नकळत माझ्या जुन्या गाडीची अर्थिंगची पट्टी ढिली केली आणि बोल्टखाली रंगाचा हात मारून ठेवला. म्हटलं, सेल्फ घेत नाही, शोधा. पहिल्या दहा मिनिटांत तिघांचं एकमत झालं, बॅटरी बदला. मी मीटर हातात दिलं आणि खुर्चीवर जाऊन बसलो. तासाभराने भाच्याने एक तार ब्लॉकला लावली, मित्राला सेल्फ मारायला सांगितलं आणि मीटरवर १.९ आलं. तो एकदम गप्प झाला. मग पुन्हा सेल्फ मारायला लावला, पुन्हा १.९. पट्टी हलवून पाहिली आणि त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने जागा चकचकीत केली, आवळला. पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली. तिघं नाचले. बारावीनंतर शिक्षण सोडायला निघालेला हा पोरगा त्या रात्री मला वायरिंगच्या आकृत्या मागत होता.

तासाभराचा वेळ, एक मीटर आणि एक मुद्दाम ढिला केलेला बोल्ट, एवढाच खर्च आला होता.

आमच्या मागण्या अशा आहेत. 'आमच्या' म्हणतो, कारण महामार्गावरच्या सात गॅरेजवाल्यांनी हे पत्र वाचून होकार दिला आहे.

१. चालू वाहनावर काम करण्यास मनाई करणारी सूचना मागे घ्यावी. तिच्या जागी कामाची पद्धत लिहून भिंतीवर लावावी : बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, जोडणी दुसऱ्याने तपासल्याशिवाय चावी फिरवायची नाही, हँडब्रेक आणि चाकाला ओट (गाडी सरकू न देणारा ठोकळा) लावल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, एका गाडीवर सहापेक्षा जास्त मुलं नाहीत.

२. स्कॅनर कपाटातून वर्कशॉपात आणावा, त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करावं आणि प्रत्येक मुलाने वर्षात किमान दहा वेळा तो स्वतः लावल्याची नोंद ठेवावी.

३. दर चार मुलांमागे एक मल्टिमीटर. हजाराच्या आत चांगला मिळतो.

४. किमान एक बीएस-६ डिझेल इंजिन आणि एक इंजेक्शनची मोटारसायकल पुढच्या प्रवेशाआधी वर्कशॉपात यावी. समितीत उद्योगाचे प्रतिनिधी आहेत, त्यांनी यात शब्द टाकावा.

५. मुद्दाम बिघाड पेरलेली गाडी देऊन दर महिन्याला एक चाचणी घ्यावी. गुण बिघाड सापडण्याला द्यावेत, आणि मुलाने कोणत्या क्रमाने काय तपासलं ते वहीत लिहिलं आहे का, त्यालाही द्यावेत.

६. निदेशकांना नव्या गाड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवावं, ते दिवस कामाचे धरावेत आणि वर्कशॉपात त्यांच्या जोडीला दुसरा माणूस द्यावा.

७. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं काम सुरू करायचं असेल, तर हजार व्होल्टच्या हातमोज्यांशिवाय आणि प्रशिक्षण झालेल्या निदेशकाशिवाय ते सुरू करू नये. तिथे चारचाकीत बहुधा ३००-४०० व्होल्ट असतात, त्या व्होल्टच्या नारिंगी वायरला उगाच हात लावण्याची मुभा आम्हीही मागत नाही.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, आम्हाला समजतं. पहिली मागणी मात्र एका सहीने पूर्ण होते आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांची परीक्षा तोंडावर आहे. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षीच्या सुधारणेचा उपयोग नाही.

आमच्याकडून काय देऊ शकतो तेही लिहितो. जळालेल्या ईसीएमच्या जागी वापरलेलं, पण तपासलेलं ईसीएम आणण्यासाठी आम्ही सातजण वर्गणी काढतो. ते नुसतं बसवून गाडी चालू होत नाही, चावीच्या इमोबिलायझरशी, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी, त्याची जोडणी करावी लागते. ती मी मुलांसमोर करून दाखवीन, तोच त्यांचा एक तास होईल. दर शनिवारी आमच्यापैकी एकजण बिनपगारी वर्कशॉपात उभा राहील. माझ्याकडे एका अपघातग्रस्त पिकअपचं पूर्ण वायरिंग पडून आहे, सगळ्या कपलरसकट. उंदराने जिथे जिथे कुरतडलं ते मी तसंच ठेवलं आहे, दुरुस्त केलेलं नाही. कापसाच्या हंगामात असल्या गाड्या रोज येतात, मुलांना त्यावर तुटलेली वायर शोधता येईल.

आपल्या उत्तराची येत्या १५ तारखेपर्यंत वाट पाहीन. तोपर्यंत आपण बोलवाल त्या वेळी, गॅरेज बंद ठेवून, सातहीजण भेटायला येऊ. ते वायरिंग मी टेम्पोत घालून ठेवलं आहे. कोणत्या दिवशी गेटवर आणून उतरवू, तेवढं कळवावं.

आपला,
मोटार मेकॅनिक ट्रेड, १९९४ च्या तुकडीचा एक विद्यार्थी आणि महामार्गावरचा गॅरेजवाला